रानमोडी उपटणार कोण आणि रान राहणार कुणाचे?

दिवाळी सरली की सिंधुदुर्ग जिल्ह्यातील रस्त्यांच्या कडेला, पडीक मळ्यांत, काजूच्या बागांच्या गडग्यालगत आणि डोंगरउतारांवर पांढऱ्या-जांभळट फुलांचे रान माजू लागते. मालवणला समुद्र पाहायला येणाऱ्या पर्यटकाला ते सुंदर दिसते. तो गाडी थांबवून फोटो काढतो. पण ज्या बाईला त्याच रानातून जळणाचा भारा आणायचा आहे, ज्या म्हाताऱ्याला चार शेळ्या चारायच्या आहेत, त्याला त्या फुलांचे कौतुक नाही. गावाने या झुडपाला नाव दिले आहे रानमोडी. शास्त्रज्ञ तिला क्रोमोलिना ओडोराटा म्हणतात. आम्हाला गावाने दिलेले नावच जास्त शास्त्रीय वाटते, कारण त्यात तिचे काम सांगितले आहे. ती रान मोडते.

आज आम्ही या विषयावर लिहीत आहोत याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. शिष्यवृत्ती थकली आहे, अत्याचाराचे खटले तुंबले आहेत, नोकरीतील अनुशेष भरला जात नाही आणि तुम्ही तण-झुडपांवर लेख लिहिता? असा प्रश्न कुणी विचारला तर तो चुकीचा आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ज्यांच्या नावावर सातबारा नाही किंवा असला तरी चार गुंठ्यांचा आहे, त्यांचे निम्मे जगणे गुरचरणावर, सड्यावर, व्हाळाच्या काठावर आणि खाडीवर अवलंबून असते. सरपण तिथले, चारा तिथला, रानभाजी तिथली. रान मोडले तर बागायतदाराचे थोडे नुकसान होते. भूमिहीनाचे मात्र घरच मोडते. म्हणून हा विषय निसर्गप्रेमी मंडळींच्या रविवारच्या सहलीचा नाही. तो आमचा विषय आहे.

प्रथम हे झुडूप काय आहे ते समजून घेऊ. रानमोडी मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ती शोभेचे झाड म्हणून बंगालच्या बागांत आली आणि बागेचे कुंपण ओलांडून सुटली. तिच्या भावकीतली घाणेरी, जिला कुणी टणटणी म्हणतात, तीही त्याच शतकाच्या सुरुवातीला कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेसाठीच आणली गेली. म्हणजे साहेबाच्या बागेची शोभा वाढावी म्हणून जे आणले, ते आज गरिबाच्या गोठ्याचा चारा खात आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातील वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात, म्हणजे सुमारे १ लाख ५४ हजार चौरस किलोमीटरवर, एकट्या घाणेरीने पाय पसरले आहेत. तिसरे गाजरगवत. १९५५ च्या सुमारास ते पुण्यात प्रथम ठळकपणे नजरेस आले. अमेरिकेहून आलेल्या गव्हाबरोबर ते पसरले असे लोक मानतात आणि त्याला काँग्रेस गवत म्हणतात. त्याची जुनी नोंद मात्र एकोणिसाव्या शतकातील आहे. त्याच्या स्पर्शाने अंगाला खाज सुटते, कातडी फुटते, दम्याच्या रोग्याचा त्रास वाढतो. हा त्रास कुणाला होतो? जो हातांनी ते उपटतो त्याला. बंगल्याच्या खिडकीतून पाहणाऱ्याला नाही.

रानमोडीची ताकद तिच्या बियांत आणि मुळांत आहे. एकेका झुडपाला हजारो बारीक बिया येतात. त्या वाऱ्यावर उडतात, गुरांच्या अंगाला आणि माणसांच्या कपड्यांना चिकटतात, गाडीच्या चाकांच्या चिखलातून पुढच्या गावी जातात. वरून कोयत्याने छाटले तर पहिल्या पावसात बुडख्यातून दुप्पट फुटवे येतात. गुरे तिला तोंड लावत नाहीत. तिच्या दाट सावलीत गवत उगवत नाही, ऐन, किंजळ, कोकमाची रोपे वर येत नाहीत. आणि उन्हाळ्यात हेच झुडूप वाळून कोळ झाले की एका ठिणगीला पेट घेते. फेब्रुवारी ते मे या काळात कोकणात आंबा-काजूच्या बागा वणव्यात जळाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. वणव्याला सुकलेल्या गवताइतकाच हा वाळलेला पालापाचोळा कारणीभूत असतो. वणवा विझला की सर्वांत आधी कोण उगवते? पुन्हा रानमोडीच. असे हे दुष्टचक्र आहे.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण या विषयावर बोलताना अनेक जण घसरतात. 'परकीय झाडे', 'विदेशी आक्रमण', 'उपऱ्यांना हाकला' अशी भाषा वापरली जाते आणि बघता बघता झाडांवरून गाडी माणसांवर येते. आम्हाला ही भाषा मान्य नाही. सिंधुदुर्गचा शेतकरी आज ज्या काजूवर उभा आहे तो काजू कुठला? तोही ब्राझीलचा. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो गोव्यात आणला. वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्राने त्याच काजूच्या 'वेंगुर्ला' नावाच्या जाती तयार केल्या आणि त्या देशभर गेल्या. मालवणी माणसाच्या कढीतली मिरची परदेशी, बटाटा परदेशी, अननस परदेशी, पेरू परदेशी. जन्म कुठे झाला यावरून जर निकाल द्यायचा तर मालवणी ताट रिकामे होईल.

झाडाचा निवाडा त्याच्या जन्मावरून नको, त्याच्या वर्तनावरून करा. काजू आला, रुजला, पण त्याने शेजाऱ्याचा श्वास कोंडला नाही. रानमोडी आली आणि तिने दुसऱ्या कुणाला उगवू दिले नाही. फरक इथे आहे. जो दुसऱ्याला जगू देत नाही, सगळी जमीन, सगळे पाणी, सगळा प्रकाश स्वतःकडे ओढतो, तो आक्रमक. मग तो बाहेरून आलेला असो वा इथलाच असो. जन्मावरून उच्च-नीच ठरवण्याची खोड या देशाला फार जुनी आहे, ती वनस्पतिशास्त्रात तरी शिरू देऊ नका. बाबासाहेबांनी १९४६ साली 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात आर्य बाहेरून आले आणि त्यांनी इथल्या वेगळ्या वंशाला जिंकले, हा सिद्धान्त पुराव्यानिशी नाकारला होता. रक्ताच्या आणि वंशाच्या भाषेत त्यांनी शोषणाचे कारण शोधले नाही, ते समाजाच्या व्यवस्थेत शोधले. आम्हीही रानमोडीचे कारण तिच्या पासपोर्टात शोधू नये. तिला वाट कुणी करून दिली ते शोधावे.

तर वाट कुणी करून दिली? पहिली वाट सरकारने करून दिली. १९८० च्या दशकात सामाजिक वनीकरणाच्या नावाखाली कोकणातील उघड्या डोंगरांवर आणि रस्त्यांच्या कडेला ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. लवकर वाढते, गुरे खात नाहीत, आकडा चटकन दाखवता येतो, हे तिचे गुण. पण जे गुरे खात नाहीत ते गुरे पाळणाऱ्याच्या काय कामाचे, हा प्रश्न कुणी विचारला नाही. ज्यांच्यासाठी वनीकरण होते त्या गावकऱ्यांना विचारण्याची पद्धतच नव्हती. किनाऱ्यावर सुरूची बने उभी केली गेली. सुरू या किनाऱ्याचे मूळचे झाड नाही. तरी त्याने वारा अडवला, जळण दिले, हे नाकारता येणार नाही. परंतु जिथे सुरू पुळणीवर पार भरतीच्या रेषेपर्यंत लावले जाते तिथे मर्यादवेल, रावणाच्या मिशा, केवडा यांची जागा जाते. वाळू धरून ठेवण्याचे काम हीच झाडे पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. वायंगणी, तोंडवळी, शिरोडा अशा किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालायला येतात, त्यांना मोकळी पुळण लागते. म्हणून सुरूबाबतही सरसकट तोडा किंवा सरसकट लावा असे न करता ठिकाण पाहून निर्णय घ्यावा लागेल.

कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशाचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९६० च्या दशकात तिथे खारवट जमीन रोखण्यासाठी वनखात्याने वेडी बाभूळ लावली. आज ती गवत गिळून बसली आहे आणि त्याची किंमत मालधारी पशुपालक मोजत आहेत. लावणारा अधिकारी बदलून गेला, निवृत्त झाला. झाड मात्र तिथेच राहिले.

दुसरी वाट उघड्या पडलेल्या जमिनीने करून दिली. आक्रमक झाड भरल्या जंगलात सहसा शिरत नाही; ते जखमेत शिरते. महामार्गाचे चौपदरीकरण झाले, डोंगर कापले गेले, मातीचे ढीग पडले. दोडामार्ग-सावंतवाडीत खाणींसाठी डोंगर उघडे झाले. जिथे माती उघडी पडते तिथे प्रथम पोहोचतात ती ही झुडपे. जखम करणारा कंत्राटदार निघून जातो, जखमेतला किडा मात्र गावाला काढावा लागतो.

तिसरी वाट सर्वांत महत्त्वाची आणि तिच्यावर कुणी बोलत नाही. ती जमिनीच्या मालकीची वाट आहे. सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा झाला. त्यापूर्वी तो रत्नागिरीचाच भाग होता. याच रत्नागिरी जिल्ह्यातील खोतीच्या जाचाविरुद्ध बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती निर्मूलनाचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा नेला. कसणाऱ्याला जमीन हे त्या लढ्याचे सूत्र होते. खोती कायद्याने गेली. पण आज गावोगावी काय दिसते? एका सातबारावर वीस-तीस नावे. निम्मे मालक मुंबईत, काही पुण्यात, काही परदेशात. वाटणी नाही, मोजणी नाही, कसणारा नाही. मळे पडीक. आंबोली, गेळे, चौकुळ येथे कबुलायतदार-गावकर जमिनींचा घोळ वर्षानुवर्षे चालला. आकारीपड जमिनींचे प्रश्न वेगळेच. ज्या जमिनीला कसणारा नाही तिला रानमोडी हा नवा खोत मिळाला आहे. ती सारा भरत नाही, खंड देत नाही आणि कुणाला आत येऊ देत नाही.

आणि त्याच गावात बौद्धवाडीतली, कातकऱ्यांची, भूमिहीन कुटुंबांची माणसे हातभर जमिनीसाठी तरसत असतात. म्हणजे जमीन आहे पण हात नाहीत, हात आहेत पण जमीन नाही. रानमोडीचा प्रश्न वनस्पतीचा वाटतो, त्याच्या मुळाशी हा जुना प्रश्न आहे. म्हणून केवळ कोयते वाटून तो सुटणार नाही.

आता उपायाकडे येऊ. पहिली पायरी पाहणीची. रोग कुठे किती आहे हे ठाऊक नसताना औषध देणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. पाहणीसाठी मोठमोठ्या संस्थांची वाट पाहण्याची गरज नाही. रानमोडी फुलावर असते तेव्हा ती लांबून ओळखू येते. तो पाहणीचा हंगाम. गावाचा नकाशा घ्यावा, त्याचे चौकोन पाडावेत. प्रत्येक चौकोनात कोणते झुडूप आहे, विरळ आहे, मध्यम आहे की दाट आहे, एवढे तीन दर्जे नोंदवावेत. साध्या मोबाइलवर ठिकाणाची नोंद होते. काही ठिकाणी एक मीटर लांब-रुंद चौकट टाकून रोपे मोजावीत, म्हणजे पुढच्या वर्षी तिथेच तुलना करता येईल. त्याबरोबर एक रकाना अवश्य असावा, जो सरकारी तक्त्यात सहसा नसतो. ही जमीन कुणाची? खासगी, गुरचरण, वनखाते, रस्त्याची हद्द, देवस्थान की पडीक सामायिक? आणि तिथून कोण काय आणतो? हा रकाना भरला की खरा नकाशा तयार होतो.

हे काम वाडीतली बारावी झालेली मुलगी करू शकते. आमच्या वाड्यांत पदवीधर मुले-मुली रिकामी बसली आहेत. झाडांची ओळख त्यांना त्यांच्या आजीकडून मिळेल, नकाशा त्या मोबाइलवर काढतील. पाहणी ही तज्ज्ञांची मक्तेदारी नाही. ज्ञानाची मक्तेदारी मोडण्यासाठीच तर आपली चळवळ उभी राहिली.

यासाठी कायद्याचा आधारही आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी असे सांगितले आणि गावाची लोक जैवविविधता नोंदवही तयार करण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली. २००४ च्या नियमांत या समितीत किमान एक तृतीयांश महिला आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य असावेत अशी तरतूद करण्यात आली. आमचा वाचकांना थेट प्रश्न आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत ही समिती आहे का? तिच्यात आपल्या वाडीचा माणूस कोण आहे? त्याला किंवा तिला आपण सदस्य आहोत हे ठाऊक आहे का? नोंदवही गावात बसून लिहिली गेली की शहरातल्या एखाद्या संस्थेने संगणकावर चिकटवून दिली? अनेक ठिकाणी या प्रश्नांची उत्तरे लाजिरवाणी आहेत. आरक्षण कागदावर असून चालत नाही, खुर्चीवर बसलेला माणूस बोलता असावा लागतो.

वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने आक्रमक परकीय प्रजातींची व्याख्या प्रथमच कायद्यात आली आणि त्यांची आयात, व्यापार, बाळगणे वा फैलाव यांवर निर्बंध घालण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियल येथे झालेल्या जागतिक करारात अशा प्रजातींचा शिरकाव व स्थिरावणे २०३० पर्यंत निम्म्याने कमी करण्याचे उद्दिष्ट ठरले. २०२३ च्या जागतिक अहवालाने सांगितले की जगभरात ३७ हजारांहून अधिक परकीय प्रजाती पसरल्या असून त्यातील साडेतीन हजारांहून अधिक घातक आहेत. याचाच दुसरा अर्थ असा की दहातल्या नऊ निरुपद्रवी आहेत किंवा त्यांचा घातकपणा सिद्ध नाही. जन्मावरून नव्हे, वर्तनावरून निवाडा करा असे आम्ही म्हणतो, ते या आकड्यांतही आहे. कायदे आणि करार झाले. आता पैसा येईल. पैसा आला की कंत्राटदार येईल. नेमके इथे आपल्याला जागे राहायचे आहे.

कारण दुसरी पायरी उपटण्याची आहे, आणि या देशात उपटण्याची, झाडण्याची, साफ करण्याची कामे कुणाच्या वाट्याला येतात हे सांगायला नको. रानमोडी हटवण्याची मोहीम निघाली तर उन्हात वाकून मुळे खणणारे हात कुणाचे असतील? आणि मोहीम यशस्वी झाल्यावर सत्कार कुणाचा होईल? श्रमदानाच्या नावाखाली गरिबाकडून फुकट काम करून घेण्याची रीत आम्हाला ठाऊक आहे. ज्याचे पोट भरलेले आहे त्याने एक रविवार श्रमदान करावे, त्याला आमचा विरोध नाही. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्याच्याकडून श्रमदान मागणे ही वेठबिगारी आहे. महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा करून देशाला वाट दाखवली. त्या वाटेनेच हे काम झाले पाहिजे. योजनेचे नाव काहीही असो. काम मोजून, मजुरी ठरवून आणि वेळेवर दिली गेली पाहिजे.

दक्षिण आफ्रिकेने हे करून दाखवले आहे. वर्णभेदी राजवट संपल्यावर नेल्सन मंडेला यांच्या सरकारात कादर अस्मल हे जलमंत्री झाले. भारतीय वंशाचे हे गृहस्थ आयुष्यभर वर्णभेदाविरुद्ध लढलेले. डोंगरांवर माजलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळी आणि पाइन नद्यांचे पाणी पितात हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर त्यांनी १९९५ साली 'पाण्यासाठी काम' नावाचा कार्यक्रम सुरू केला. आक्रमक झाडे काढायची, पाणी वाचवायचे आणि हे काम ज्यांना वर्णभेदाने कंगाल केले त्या काळ्या गरीब माणसांना मजुरी देऊन करायचे. महिलांचा वाटा निम्म्याहून अधिक ठेवण्याचे उद्दिष्ट होते. हजारो कुटुंबांना त्यातून रोजगार मिळाला. त्याच कार्यक्रमावर अल्प मुदतीचे काम आणि तुटपुंजी मजुरी अशी टीकाही झाली. आपण त्यातले चांगले घ्यावे आणि उणिवेतून शिकावे. निसर्ग सुधारण्याचे काम आणि माणसाला न्याय देण्याचे काम एकाच वेळी करता येते, हा त्यातला धडा आहे.

उपटण्याचेही शास्त्र आहे. पाऊस ओसरल्यावर माती मऊ असते आणि फुले धरलेली नसतात, तेव्हा मुळासकट काढावे. फूल धरल्यावर छाटणे म्हणजे बी उधळणे. जिथे झुडूप दाट आहे तिथून सुरुवात करण्याची घाई करू नये. विरळ जागा आधी साफ करावी आणि हळूहळू दाट भागाकडे सरकावे; ऑस्ट्रेलियात सिडनीच्या ब्रॅडली भगिनींनी ही पद्धत रूढ केली. घाणेरीचे मुख्य मूळ जमिनीखाली काही सेंटिमीटरवर तोडून झुडूप उलटे ठेवले की ते पुन्हा फुटत नाही. मोकळी झालेली जागा उघडी ठेवू नये. स्थानिक गवत, कोकम, ऐन, करंज, उंडी लावावे. आणि त्याच जागी किमान तीन वर्षे परत परत जावे, कारण जमिनीत पडलेले बी वाट पाहत असते. एका वर्षाचे टेंडर काढून फोटो छापणाऱ्या मोहिमांनी म्हणूनच काहीही साधत नाही.

तणनाशकाबद्दल आम्ही स्पष्ट इशारा देऊ इच्छितो. कंत्राटदाराला फवारणी सोपी पडते. पण २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीत विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले, हे विसरू नका. त्यांच्या हातात मोजे नव्हते, तोंडावर मुखवटा नव्हता. पुढे ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर प्रशिक्षित फवारणीदारांपुरता मर्यादित केला. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सड्यावर फवारलेले विष व्हाळात, विहिरीत आणि शेवटी खाडीत जाणार. खाडीत कालवे, तिसऱ्या आणि मासे गोळा करून जगणाऱ्या बायकांच्या टोपलीत ते उतरणार. रान वाचवण्यासाठी माणूस मारण्याचा सौदा आम्हाला मान्य नाही. गाजरगवतावर १९८४ मध्ये मेक्सिकोचा भुंगा आणून सोडला गेला, तो पावसाळ्यात पाने फस्त करतो. असे जैविक उपाय शास्त्रज्ञांनी तपासून द्यावेत. बाकीचे काम हातांचे आहे आणि त्या हातांना मोजे, बूट आणि नीट धारेची अवजारे द्यावीत.

तिसरी पायरी हक्काची. कर्नाटकातील बिळिगिरी रंगन टेकड्यांतले सोलिगा आदिवासी वर्षानुवर्षे सांगत होते की आम्ही हंगामाच्या सुरुवातीला पाचोळ्याला हलकी आग लावायचो, ती बंद केली आणि घाणेरी माजली. त्यांचे ज्ञान अडाणीपणा ठरवले गेले. नंतर संशोधकांनाही त्यांचे म्हणणे विचारात घ्यावे लागले. २०११ साली सोलिगांना सामूहिक वनहक्क मिळाले. त्याच राज्यात मलै महादेश्वर टेकड्यांतील सोलिगा घाणेरीच्या काटक्यांपासून टेबल-खुर्च्या बनवतात. आपल्या गडचिरोलीतील मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि गावाने रान राखून दाखवले. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या पाचव्या कलमाने वन आणि जैवविविधता राखण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. कोकणातल्या आपल्या बांधवांना मात्र 'इतर पारंपरिक वननिवासी' म्हणून तीन पिढ्यांचा म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा मागितला जातो. ज्यांना लिहू दिले नाही, ज्यांच्या नावावर काही होऊ दिले नाही, त्यांच्याकडे ७५ वर्षांचे कागद मागायचे! तरीही दावे केले पाहिजेत. वयोवृद्धांचे जबाब हाही पुरावा म्हणून नियमांत मान्य आहे.

सिंधुदुर्गात चांगले घडलेच नाही असे नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायकांनी २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली. वल्हे हातात घेऊन त्या पर्यटकांना तिवर, चिपी दाखवतात आणि त्यातून कमावतात. रान राखणे आणि पोट भरणे यांत वैर नाही हे त्यांनी सिद्ध केले. हेच सड्यावर, गुरचरणावर का होऊ नये? बांबर्डे येथील मायरिस्टिकाची दलदल, आंबोलीतील हिरण्यकेशीचा दुर्मिळ मासा हे जैविक वारसा स्थळे म्हणून घोषित झाले. कालपर्यंत देवाच्या भीतीने जे राखले गेले ते यापुढे ज्ञानाच्या आणि कायद्याच्या बळावर राखावे लागेल. भीतीने राखलेल्या रानात काहींना प्रवेश असतो, काहींना नसतो. कायद्याने राखलेले रान सर्वांचे असते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक ग्रामपंचायतीने वाडीनिहाय पाहणी करावी आणि तिचा तक्ता ग्रामसभेत वाचून दाखवावा. पाहणीचे काम वाडीतल्या शिकलेल्या मुला-मुलींना मानधन देऊन द्यावे. उपटण्याचे काम कंत्राटदाराला न देता बचत गटांना आणि मजुरांच्या गटांना द्यावे, तेही सलग तीन वर्षांच्या बोलीने. सार्वजनिक जमिनीवर तणनाशक फवारू नये. सरकारी रोपवाटिकांनी ऑस्ट्रेलियन बाभळीसारखी रोपे वाटणे थांबवून स्थानिक रोपे तयार करावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे, साफ झालेल्या गुरचरणावरचे गवत आणि फळे यांचा हक्क ज्यांनी ती साफ केली त्या भूमिहीनांना लेखी मिळावा. गावातल्या पडीक सामायिक जमिनी मालकांच्या संमतीने कसायला देण्याची रीतसर लेखी व्यवस्था व्हावी. नाहीतर आज आपण घाम गाळून रान मोकळे करायचे आणि उद्या तिथे कुणीतरी रिसॉर्टचा फलक लावायचा, असे होईल. मालवणच्या किनाऱ्यावर जमिनीचे भाव काय आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. मोकळ्या झालेल्या जमिनीवर पहिली नजर कुणाची पडते, हेही ठाऊक आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचलले ते तहानेसाठी नव्हे. सार्वजनिक तळे सार्वजनिक आहे, हे प्रस्थापित करण्यासाठी. गावाचे गुरचरण, सडा, व्हाळ, पुळण हीसुद्धा सार्वजनिक तळीच आहेत. ती रानमोडीच्याही ताब्यात जाऊ नयेत आणि धनदांडग्यांच्याही.

येत्या ग्रामसभेला जाताना कोकणातील आपल्या कार्यकर्त्यांनी एक ठराव लिहून न्यावा. जैवविविधता समितीची नावे वाचा, नोंदवही दाखवा, वाडीनिहाय पाहणी सुरू करा. सरपंच टाळाटाळ करील, ग्रामसेवक विषयपत्रिकेत नाही म्हणेल. तरीही ठराव इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका. पाऊस ओसरला की माती मऊ होते आणि फुले यायला थोडेच आठवडे उरतात. तेवढ्यात काम झाले नाही तर आणखी एक वर्ष गेले असे समजा.

जय भीम!